पडद्यावरची 'बिघडलेली' मुले

दिवाळी अंकासाठी मनाच्या आजारांवर लिहिणार म्हटल्यावर पहिला विरोध घरातूनच झाला. "लोक चकली खात अंक वाचतात, त्यांना कशाला हे?" असे आमची मंडळी म्हणाली. तिचे म्हणणे खोटे नाही. पण ज्या घरात चकली तळली जाते त्याच घरात चौदा-पंधरा वर्षांचे एखादे मूल दार लावून बसलेले असते आणि पाहुण्यांना 'अभ्यास चाललाय' असे सांगावे लागते, हेही खोटे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दहा ते एकोणीस या वयातल्या दर सात मुलांमागे एकाला मनाचा काही ना काही आजार असतो. म्हणजे विषय फराळाच्या ताटापासून फार लांबचा नाही.

मी मानसशास्त्राचा जाणकार नव्हे. तालुक्याच्या गावी चौतीस वर्षे इंग्रजी शिकवले आणि जन्मभर सिनेमे पाहिले, एवढीच माझी पुंजी. या दोन गोष्टींची एकदा माझ्या हातून अशी गल्लत झाली, की ती आजही मला टोचते.

१९८३ साली माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव सांगत नाही. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे. फळ्यावरचा सुविचार लिहायचे काम त्याच्याकडे असे. दिवाळीच्या सुटीनंतर ते अक्षर लहान लहान होत गेले. पुढे पुढे तर वही डोळ्यांशी धरावी लागे. मग तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला. मधल्या सुटीत नळाखाली हात धरून उभा राही, तो घंटा झाली तरी हलत नसे. मास्तरलोकांत चर्चा झाली : पोरगे बिघडले.

त्याच सुमारास पुण्याला एका फिल्म सोसायटीत मी 'रिबेल विदाउट अ कॉज' पाहून आलो होतो. तो डोक्यात ताजा होता. मुलगा बिघडला म्हणजे घरात काहीतरी बिघडलेले असणार, हे मला आता पक्के ठाऊक झाले होते! एका रविवारी मी त्याच्या घरी गेलो. वाटेत मनाशी एक बाप तयार केला, तापट किंवा नेभळा. एक आई तयार केली, कजाग. प्रत्यक्षात निघाला एक साधा, मवाळ कारकून. आईने कांदेपोहे केले, वर खोबरे-कोथिंबीर. धाकटी बहीण पाढे म्हणत होती. घरात दारू नाही, भांडण नाही, सावत्रपणा नाही. खरे सांगतो, मी निराश झालो. दुसऱ्या दिवशी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "घरी सगळं ठीक आहे तुझ्या. आता ही नाटकं पुरे."

दहावीला तो शाळेत आलाच नाही.

माझ्या डोक्यात तो बाप आणि ती आई कोणी आणून बसवली, याचा पुढे अनेक वर्षे मी शोध घेत राहिलो. त्या शोधाची ही हकिकत आहे.

मनाच्या डॉक्टरला पडद्यावर खरा मान मिळाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. युद्धावरून मने मोडून परतलेले सैनिक घरोघर होते आणि फ्रॉइडचे नाव अमेरिकेत चहाच्या टेबलावर आले होते. १९४५ साली हिचकॉकचा 'स्पेलबाउंड' निघाला. त्याचा निर्माता सेल्झनिक स्वतः मनोविश्लेषण करून घेत होता आणि त्याने आपल्याच डॉक्टरीणबाईंना चित्रपटाच्या सल्लागार नेमले होते. स्वप्नाचा देखावा साल्वादोर दालीने रचला होता. कथेतला नायक आजारी, कारण लहानपणी त्याच्या हातून अपघाताने भाऊ मेला होता आणि ते तो विसरला होता. डॉक्टरीण इन्ग्रिड बर्गमन ती आठवण वर काढते आणि नायक बरा होतो. पायात काटा मोडला, काढला, चालायला लागला, असा हा हिशेब. सिनेमाला तो फार सोयीचा पडला. दोन तासांत आजार संपवायचा तर काटा एकच हवा. पुढची कित्येक वर्षे पडद्यावरच्या प्रत्येक आजारी माणसाच्या पायात दिग्दर्शक हा एकच काटा शोधत बसले.

मुलांची पाळी आली ती पन्नाशीच्या दशकात. 'टीनएजर' हा शब्द तेव्हा नुकता रुळला होता. अमेरिकेत बालगुन्हेगारीचा एवढा बोभाटा झाला, की १९५३ साली सीनेटने तिच्या चौकशीसाठी उपसमिती नेमली. १९५५च्या जूनमध्ये ही समिती लॉस एंजेलिसला जाऊन सिनेमांमुळे मुले बिघडतात काय याचीही चौकशी करून आली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात निकोलस रे याचा 'रिबेल विदाउट अ कॉज' पडद्यावर आला. नायक जेम्स डीन तो पाहायला उरला नव्हता. महिनाभर आधी, ३० सप्टेंबरला, वयाच्या चोविसाव्या वर्षी तो मोटार-अपघातात गेला होता.

या चित्रपटाचे नाव रॉबर्ट लिंडनर या मानसशास्त्रज्ञाच्या १९४४ सालच्या पुस्तकावरून घेतलेले आहे. पुस्तक एका तुरुंगातल्या तरुणावर संमोहनाच्या साहाय्याने केलेल्या उपचारांचे. चित्रपटाने त्यातले नाव तेवढे उचलले, गोष्ट सोडून दिली. पडद्यावर दिसतात खात्यापित्या घरची तीन मुले. रात्रीची वेळ, पोलिस ठाणे. जिम दारू पिऊन आला आहे, ज्यूडी रात्री एकटीच रस्त्यात भटकताना सापडली आहे आणि प्लेटो नावाच्या मुलाने कुत्र्याच्या पिलांवर गोळ्या झाडल्या आहेत. जिमचा बाप पुढे बायकोचा झालरीचा एप्रन बांधून जमिनीवर सांडलेले जेवण गोळा करताना दिसतो. बाप बुळा, आई वरचढ, म्हणून मुलगा बेभान. माझ्या मनातले ते आईबाप इथले होते तर!

पण पुढे हा चित्रपट दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाहिला तेव्हा मला वेगळेच काही दिसले. जिम आजारी नाहीच. तो रागावलेला आहे, वयात आलेला आहे. आजारी आहे तो प्लेटो. बाप पोटगीच्या चेकपुरता, आई सदा बाहेरगावी, सांभाळायला एक मोलकरीण. एका पायात लाल मोजा आणि दुसऱ्यात निळा, इतके त्याचे भान सुटलेले. ठाण्यावरचा अधिकारी विचारतो, याला कधी मानसरोगतज्ज्ञाला दाखवले काय? मोलकरीण सांगते, बाईसाहेबांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. संबंध चित्रपटात त्याच्या आजाराची खरी विचारपूस एवढीच! पुढे सगळे लक्ष जिमच्या लाल जाकिटाकडे जाते आणि शेवटी वेधशाळेच्या पायऱ्यांवर, पिस्तुलात गोळी नसताना, प्लेटो पोलिसांच्या गोळीने मरतो. जिमची आईबापांशी दिलजमाई होते. जगभरच्या पोरांनी लाल जाकिटे शिवून घेतली. निळ्या-लाल मोज्यांची आठवण फारशी कोणाला राहिली नाही. रागावलेला मुलगा पडद्यावर देखणा दिसतो. आजारी मुलगा नुसता अवघड दिसतो.

चार वर्षांनी, १९५९ साली, फ्रान्सच्या फ्रांस्वा त्र्युफोने 'द फोर हंड्रेड ब्लोज' काढला. मूळ फ्रेंच नावाचा अर्थ नाना उपद्व्याप करणे, आपल्या भाषेत उच्छाद मांडणे, असा आहे. त्र्युफोला हे सारे अंगावरचे ठाऊक होते. सिनेमाचे मंडळ चालवण्याच्या नादात त्याने पोरवयात देणी करून ठेवली, तेव्हा बापानेच त्याला पोलिसांच्या हवाली केले आणि त्याची रवानगी मुलांच्या निरीक्षणगृहात झाली. समीक्षक आंद्रे बाझँ यांनी खटपट करून त्याला सोडवले, हाताशी धरले. चित्रीकरणाला नोव्हेंबर १९५८मध्ये सुरुवात झाली आणि लगेच बाझँ वारले. चित्रपट त्यांच्याच स्मृतीला वाहिलेला आहे.

त्यातला आंत्वान शाळा बुडवतो, आई मेली म्हणून मास्तरांना थाप मारतो, बापाच्या कचेरीतले टंकलेखनयंत्र चोरतो आणि ते परत ठेवायला जातो तेव्हा नेमका सापडतो. (परत ठेवायला जाताना सापडणे हे मुलांच्याच नशिबी असते.) निरीक्षणगृहात एक मानसशास्त्रज्ञ बाई त्याला प्रश्न विचारतात. या बाई पडद्यावर दिसतच नाहीत. फक्त त्यांचा आवाज येतो आणि टेबलामागे बसलेला मुलगा आपल्यासमोर असतो. चौदा वर्षांच्या झाँ-पिएर लेओला त्र्युफोने उत्तरे पाठ करायला दिली नव्हती. तो आपल्या मनाने बोलतो. टेबलावर बोटे फिरवतो, खांदे उडवतो, मध्येच लाजतो. खरे सांगितले तरी लोकांचा विश्वास बसत नाही, तेव्हा खोटे बोललेले बरे, असे सांगतो. आईला आपण नको होतो, आजीमुळे जन्माला आलो, हेही त्याच सुरात सांगून टाकतो. बाईंनी निदान काय केले ते चित्रपट सांगत नाही. कोणी विचारले आणि मुलगा बोलला, एवढेच घडते. मी चौतीस वर्षे मुलांना प्रश्न विचारले. पण उत्तर आपल्याला ठाऊक नाही असा प्रश्न त्यांत किती वेळा विचारला असेन, याचा हिशेब त्या प्रसंगानंतर मी करू लागलो.

रुग्णालयाच्या आत जाऊन कुमारवयातला आजार नीट पाहायचा प्रयत्न १९६२ साली फ्रँक पेरी याने 'डेव्हिड अँड लिसा'मध्ये केला. पटकथा त्याची पत्नी एलिनॉर हिची. मूळ पुस्तक थिओडोर रुबिन या मानसरोगतज्ज्ञाचे. डेव्हिडला कोणाचा स्पर्श सहन होत नाही. त्याच्या स्वप्नात प्रचंड घड्याळ येते आणि काट्याने माणसांची मुंडकी उडतात. लिसा यमके जुळवूनच बोलते आणि तिच्याशी यमकांतच बोलावे लागते. थोड्या पैशांत काढलेला हा काळापांढरा बोलपट ऑस्करच्या दिग्दर्शन आणि पटकथा या दोन्ही यादींत गेला. त्याचा शेवट मला अजून आवडतो. एका कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांवर डेव्हिड लिसाला आपला हात धरायला सांगतो. बरा झाला असे कोणी म्हणत नाही. एक हात धरला गेला, इतकेच. पण याही चित्रपटात डेव्हिडची आई थंड, दिखाऊ आणि मुलाच्या दुखण्याला तीच कारण, असे वळण आहेच.

ही आई आली कोठून? ती सिनेमावाल्यांनी घडवली नाही, डॉक्टरांकडून उसनी घेतली. फ्रीडा फ्रॉम-राइखमन या जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या मोठ्या डॉक्टरीणबाई. स्किझोफ्रेनिया आईच्या वागण्यातून उपजतो अशा अर्थाचा एक शब्द त्यांनी १९४८ साली छापून टाकला. त्याच सुमारास स्वमग्न मुलांच्या आयांना 'बर्फाच्या पेटी'ची उपमा मिळाली. पुढे संशोधनाने हे सारे मोडीत निघाले. या आजारांत आनुवंशिकता आणि मेंदूची घडण यांचा वाटा मोठा असतो हे आता कळले आहे. मधल्या वीसपंचवीस वर्षांत किती आयांनी रात्री उशाशी डोळे पुसले असतील, ते कोणी मोजले नाही. आपल्याकडे १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक 'श्यामची आई'ला मिळाले, आणि त्याच दशकात तिकडे आई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती. आमच्याकडे आईला देव्हाऱ्यात बसवले, त्यांनी पिंजऱ्यात उभे केले. मूल दोन्हीकडे बाजूलाच राहिले.

गंमत अशी, की याच फ्रीडाबाईंनी एका मुलीला हाताला धरून परत आणले. जोअ‍ॅन ग्रीनबर्ग १९४८ साली सोळाव्या वर्षी मेरीलंडमधल्या चेस्टनट लॉज या रुग्णालयात दाखल झाली. बाई रोज तिच्याशी बोलत. मुलीने मनात एक संबंध राज्य उभारले होते, त्याला भाषा होती, देव होते. १९६४ साली जोअ‍ॅनने टोपणनावाने त्यावर कादंबरी लिहिली, 'आय नेव्हर प्रॉमिस्ड यू अ रोझ गार्डन'. १९७७ साली तिचा चित्रपट झाला. सिद्धान्त चुकला तरी रोज समोर बसून ऐकणारी व्यक्ती चुकली नव्हती. वैद्यकाच्या इतिहासात असे पुष्कळदा झालेले दिसते.

एकच काटा शोधण्याची सवय मोडली १९८० साली, रॉबर्ट रेडफोर्डच्या 'ऑर्डिनरी पीपल'ने. या चित्रपटाला चार ऑस्कर मिळाली. त्यांतले एक वीस वर्षांच्या टिमथी हटनला. गोष्ट ऐकल्यावर 'स्पेलबाउंड'ची आठवण होईल, कारण इथेही भाऊच मेलेला आहे. नाव उलटली, थोरला बुडाला, कॉनराड वाचला. पुढे त्याने स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला, चार महिने रुग्णालयात काढले, आणि आता तो घरी येऊन जेवणाच्या टेबलावर बसला आहे. पण कॉनराड काहीच विसरलेला नाही. त्याला सगळे आठवते, तेच त्याचे दुखणे आहे. डॉक्टर बर्गरपाशी जादू नाही. आठवड्यातून दोनदा भेटण्याची वेळ आहे. तो चिडतो, खुर्चीवरून उठून जातो, पुन्हा येतो. एका भयंकर रात्री डॉक्टर दवाखाना उघडून बसतो, आणि आपण नाव धरून राहिलो, भावाचा हात सुटला, म्हणजे आपण जगलो एवढाच आपला गुन्हा, हे त्या पोराच्या तोंडून बाहेर पडते. इथेही आई थंड आहे आणि शेवटी घर सोडून जाते, म्हणजे जुनी खोड पुरती गेली नाही. पण बाप मात्र स्वतः उठून डॉक्टरकडे जातो. पडद्यावरच्या बापांत ही प्रगतीच म्हणायची.

या चित्रांचा परिणाम मुलांवर होतो काय? हा प्रश्न सिनेमाहून जुना आहे. गटेची वेर्थर ही कादंबरी १७७४ साली आली आणि तरुण तिच्या नायकासारखे कपडे घालून त्याच्यासारखाच शेवट करतात अशा भयाने लाइप्झिग शहराने तिच्यावर बंदी घातली. दोनशे वर्षांनी, १९७४ साली, डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने आत्महत्येच्या गाजलेल्या बातमीनंतर आत्महत्या वाढतात असे आकड्यांनी दाखवले आणि त्याला वेर्थरचेच नाव दिले. पण याला दुसरी बाजूही आहे. मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट' या १७९१च्या संगीतिकेत निराश पापागेनोला तीन पोरगे येऊन दुसरी वाट दाखवतात. संकटातून माणूस सावरला, अशी गोष्ट ऐकणाऱ्याला सावरायला मदत होते, असे २०१०मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी मांडले आणि त्या परिणामाला पापागेनोचे नाव मिळाले. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने चित्रपट-नाटकवाल्यांसाठी मार्गदर्शिकाच काढली. तिचे सार एवढेच : मृत्यूची रीत दाखवू नका, तो सुंदर करू नका, एकच कारण सांगून मोकळे होऊ नका, आणि मदत कोठे मिळते ते दाखवा.

आपल्याकडे मनाचा रुग्ण बराच काळ विनोदी पात्र तरी होता, नाहीतर विजेचे झटके खाणारा अभागी. कुमारवयाची विचारपूस उशिरा सुरू झाली. २००२ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'दहावी फ' काढला आणि नापासांच्या तुकडीकडे आम्हा मास्तरांना पाहायला लावले. २०१९च्या 'छिछोरे'त प्रवेशपरीक्षेत नापास झालेला मुलगा जिवावर उठतो, आणि बाप रुग्णालयात त्याच्या खाटेशी बसून आपल्या हरण्याच्या गोष्टी सांगतो. हेतू चांगला. पण त्या खोलीत गोष्टी सांगणारे खूप आहेत; मुलाला विचारणारा कोणी नाही.

भावे-सुकथनकरांच्या 'कासव'ला २०१७ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले. एक निर्माते डॉ. मोहन आगाशे, स्वतः मानसरोगतज्ज्ञ. जीव द्यायला निघालेला एक तरुण रुग्णालयातून पळतो आणि स्वतःही औदासीन्यातून गेलेली जानकी त्याला नाव-गाव न विचारता कोकणातल्या घरी नेते. किनाऱ्यावर कासवांची अंडी राखण्याचे काम चाललेले असते. पिलांना हाताने उचलून समुद्रात सोडायचे नसते; वाट मोकळी ठेवायची, कोल्हे-कुत्रे आवरायचे, चालायचे त्यांनी. कायदाही याच सुमारास शहाणा झाला. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरायला सांगितले, अल्पवयीनांना विजेचे उपचार देण्यावर कडक बंधने घातली. आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत ते जुने ३०९ कलम राहिले नाही.

आता माझ्या विद्यार्थ्याकडे येतो. दोन वर्षे देवऋषी, गंडे, उपासतापास झाल्यावर कोणा भल्या माणसाने त्याला जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांकडे नेले. औषधे लागू पडली. काही अजून चालू आहेत. पुस्तकबांधणीचे छोटे दुकान आहे, लग्न झाले, मुलगी आहे. दर पाडव्याला तो मला भेटायला येतो. का येतो, हे विचारायचे धाडस मला फार वर्षे झाले नाही.

मागल्या पाडव्याला आला तेव्हा नातवाने 'कासव' लावून दिला होता. दोघांनी बसून पाहिला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, समुद्र वगैरे सगळ्यांना कुठला मिळायला? पण ती बाई त्याला 'का' म्हणून विचारत नाही, ते बरं वाटलं."

मी धीर करून त्या रविवारची आठवण काढली. माफी मागावी असे मनात होते. तो हसला.

"आठवतंय की. आईनं पोहे केले होते. तुम्ही बाबांशी बोललात, आईशी बोललात, ताईला सातचा पाढा विचारलात."

"ताई कसली, धाकटी होती ना ती?"

"आम्ही तिला ताईच म्हणायचो. मी आतल्या खोलीत होतो, सर. दाराला कान लावून. म्हटलं, आता हाक मारतील."

चहा निवला होता. हिने आतून दुसरा करून आणला. आम्ही दोघे पुन्हा बसलो, आणि चाळीस वर्षांनी मी त्याला विचारले, की तेव्हा तुला काय होत होते. तो दिवेलागणीपर्यंत सांगत होता.